हातात न दिलेला विळा

आमच्या घरात भांडणं होतात ती दोनच कारणांवरून. वालाच्या बिरड्यात गूळ घालावा की नाही, हे पहिलं. आणि बंदूकवाल्यासमोर रिकाम्या हातानं बसून राहिलेला माणूस जिंकू शकतो का, हे दुसरं. पहिल्यात बाबा गुळाच्या बाजूनं असतात, दुसऱ्यात बंदुकीच्या. मी दोन्हीकडे त्यांच्या विरुद्ध.

बाबा फौजेत होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आई गेल्यापासून कोपरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात आहे, लॅबमध्ये. दिवसभर दाब आणि तापमान बघायचं, आकडा चढायला लागला की ओरडायचं, हे माझं काम. त्यामुळे एखादी गोष्ट कुठल्या क्षणी भडकेल याचा मला अंदाज येतो असा माझा समज होता. घरी तो उपयोगी पडत नसे, कारण घरी भडकणारी मीच.

बाबांचं म्हणणं सरळ. "बळी तो कान पिळी. बाकी सगळं पुस्तकात."

"आणि समोरच्याला लाज वाटली तर?" मी.

"फौजेला लाज नसते. हुकूम असतो."

"मग हुकूम देणाऱ्याला लाज वाटेल."

"तो तिथं नसतो," बाबा म्हणायचे आणि पेपर उघडायचे. हे वाक्य मला फार झोंबायचं.

ही भांडणं आमच्या दोघांतली. तिसरं माणूस म्हणजे आत्या. ती बाबांची थोरली बहीण, आंबिवलीच्या पलीकडे आमच्या गावात एकटी राहते. मूलबाळ नाही, नवरा तरुणपणीच गेला, आणि तेव्हापासून माहेरच्याच शेतावर ती उभी आहे. बाबा आणि आत्या एकमेकांशी बोलत नाहीत. मी जन्मायच्या आधीपासून बोलत नाहीत.

त्याचं कारण त्या जमिनीतच आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आमच्या गावच्या डोंगराखालची जमीन चांदमारीसाठी घेतली, म्हणजे गोळीबाराचा सराव करायला. लढाई संपली की परत देऊ, असं तोंडी सांगितलेलं. लढाई संपली, इंग्रज गेले, कागद तसाच राहिला. मधल्या सगळ्या वर्षांत फौज कधीतरी यायची, डोंगरावर लाल बावटा लावायची, दोन दिवस आवाज व्हायचे. त्या दिवशी कुणी शेतावर जायचं नाही, एवढाच नियम. एरवी गाव तिथं भात लावत होतं आणि भात निघाला की त्याच ओलीवर वाल. आत्याच्या घरी बियाण्याचे वाल राखेत घोळवून ठेवलेले असतात, ते बंदुकीच्या गोळ्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. शेतात सापडलेला डबा. झाकण चांगलं घट्ट बसतं, म्हणून तिनं ठेवला.

आणि अशा घरातला मुलगा फौजेत गेला. भात कापणीचा दिवस होता म्हणे. बाबांनी "दे गं इकडे" म्हणून हात पुढे केला आणि घाईत आत्यानं विळा त्यांच्या हातात दिला. संध्याकाळी बाबांनी अंगणात सांगितलं, मी भरती झालो. सगळ्या आळीनं ऐकलं असं भांडण झालं, आणि मग अबोला.

आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत. सुरी असो, कात्री असो, विळा असो, खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. हातात दिली की भांडण. लॅबमध्ये मी कात्री टेबलावर ठेवून सरकवते तेव्हा पोरी हसतात. हसू देत. आत्याच्या लेखी तर हा विषयच मिटलेला आहे. भाऊ गेला तो फौजेमुळे नाही, विळा हातात दिल्यामुळे गेला. फौज काय, दुसरी कुठलीही गोष्ट आली असती आडवी.

भाऊबीजेला बाबा गावी जातात. आत्या पाट मांडते, ओवाळते, करंजी भरवते, आणि या सगळ्यात एक शब्द बोलत नाही. अगदीच अडलं तर मध्ये मी. "त्याला सांग, चा निवतंय." बाबा तिच्या पुढ्यात बसलेले. "तिला सांग, घेतो." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसली ही जोडी. लहानपणी मला याची गंमत वाटायची. पुढे पुढे त्या पाटाशेजारी बसवत नसे. दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत हे बघणं काही सोपं नाही.

मागच्या दिवाळीनंतर गावात खबर आली की चांदमारीला कुंपण पडणार. आधी दोन माणसं येऊन चुन्याची रेघ मारून गेली. मग सिमेंटचे खांब आले आणि रस्त्याच्या कडेला रचले गेले. रेघ आत्याच्या शेताच्या मधोमध नाही, तर अख्खं शेत आत टाकून पलीकडून गेलेली. वाल नुकते फुलावर होते.

गावकी बसली. गावदेवीच्या मंडपात सगळे जमले आणि फौज काय चीज आहे हे माहीत असलेला एकच माणूस म्हणून बाबांना बोलावणं आलं. मी बरोबर गेले. कुणी म्हणालं खांब उखडून टाकू, कुणी म्हणालं हायवे अडवू. एका तरण्याताठ्यानं दगडांची भाषा केली. बाबा ऐकून घेत होते. मग उठले आणि म्हणाले, "जमीन जाणार."

मंडपात जो गलका झाला तो मला अजून ऐकू येतो. एक म्हातारा थरथरत उठला. "मंग काय करू आमी? घरान बसू?"

"बसा," बाबा म्हणाले. "पण घरात नको. आपापल्या बांधावर बसा."

आणि त्यांनी शिकवायला घेतलं. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर मला सांगितलं की बसून कुणी जिंकत नाही, तो गावाला कसं बसायचं ते शिकवत होता. प्रत्येक घरातून एक माणूस. उभं राहायचं नाही, कारण उभा माणूस कधीही धावेल अशी शंका येते. मांडी घालायची, तळहात गुडघ्यांवर, उताणे. खिशात हात घालायचा नाही. घोषणा नाहीत. घोषणा दिली की आपलाच श्वास वाढतो आणि मग डोकं फिरतं. काहीही झालं तरी धावायचं नाही, पोटच्या पोराला मारलं तरी चालत जायचं. आणि हातात काही नको. काठी नको, छत्री नको, चकाकणारा डबा नको.

"तंबाखूची डबी तं चालल?" कुणीतरी विचारलं. लोक हसले.

बाबा हसले नाहीत. "डबी तर मुळीच नाही."

परतताना रिक्षात मी विचारलं, "तुम्हाला पटत नाही, तर शिकवलंत कशाला?"

"हरणारच आहेत. जिवंत हरू देत."

आणि मग, मी विचारलेलं नसताना, त्यांनी सांगितलं. नोकरीची पहिली वर्षं. लांब कुठेतरी वर, रस्त्यावर लोक बसले होते. समोर बाबांची तुकडी बंदुका धरून, सकाळपासून. "बसलेल्या माणसापुढे बंदूक धरणं फार वाईट. तो काहीच करत नाही आणि तुला वाटत राहतं की आता करेल." दुपारी एका माणसाच्या हातात काहीतरी चमकलं. नंतर कळलं, चुन्याची डबी होती. माझ्या उभ्या आयुष्यात ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नव्हती. गोळी कुणी झाडली हे मी विचारलं नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

खांब पुरायचा दिवस कळला तेव्हा मी रजा टाकली. आम्ही आदल्या दिवशीच गावी गेलो. सकाळी थंडी होती, वालाच्या वेलांवर दव. गावदेवीच्या पायरीशी लोक जमले आणि बाबांनी एकेकाचे हात बघितले. खरोखर, शाळेतल्या नखं बघणाऱ्या मास्तरांसारखे रांगेतून फिरले. एका म्हाताऱ्याची काठी घेतली. तो म्हणाला, मी पडन. बाबा म्हणाले, "बसलेला माणूस पडत नाही, काका." छत्र्या घेतल्या, डबे घेतले, एकीच्या कनवटीची चुन्याची डबी काढून घेतली, आणि सगळं एका गोणत्यात भरून देवळात ठेवलं. रांगेच्या शेवटी आत्या उभी होती. बाबा तिच्यासमोरून गेले. मान खाली, पाऊल न थांबवता. अबोला होता ना.

आत्याच्या उजव्या हातात विळा होता.

तो मलाही दिसला नाही. मी तिच्या शेजारी उभी होते, तिचा पदर मी सारखा केला, आणि मला तो दिसला नाही. अख्ख्या गावाला दिसला नाही. शेतावर जाणाऱ्या बाईच्या हातात विळा असतोच. नसता, तर कदाचित आम्हाला चुकल्यासारखं वाटलं असतं. काठी, छत्री, डबी यांची हत्यारं होऊ शकतात हे आमच्या डोक्यात बसलं होतं, पण विळा म्हणजे आत्याचा हातच. बाबांना तो अबोल्यामुळे दिसला नाही की सवयीमुळे, हे मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं.

बाबा स्वतः बसणार नव्हते. "फौजेची भाकर खाल्लीय मी. फौजेसमोर बसणार नाही." ते रस्त्याकडेच्या चिंचेखाली उभे राहिले. मी आत्याबरोबर बांधावर गेले.

गाड्या आल्या. खड्डे खणणारं मशीन, खांब उचलणारे मजूर, आणि एका ट्रकमधून जवान. ते रेघेच्या कडेनं पांगले. तरुण पोरं होती. दुरून सगळे एकसारखे, जवळ आल्यावर एकेकाचा चेहरा वेगळा. त्यांचा साहेब फोन कानाला लावून डोंगराच्या बाजूला इकडून तिकडे फिरत होता, कारण आमच्या गावात त्या कोपऱ्यात रेंज येत नाही.

पहिला खांब उभा राहिला. कुणी हललं नाही. ज्याचं शेत होतं तो माणूस मांडी घालून तळहात उताणे ठेवून बसला होता आणि त्याच्यापासून चार पावलांवर मशीन जमिनीत शिरत होतं. दुसरा खांब. तिसरा. कुणी रडत नव्हतं, बोलत नव्हतं. मशीन थांबलं की डोंगरावरच्या पक्ष्यांचा आवाज येई. मला लॅबमधल्या काट्याची आठवण झाली. तो असाच शांत असतो, आणि तुम्ही बघत असताना कधीच चढत नाही.

माणसं बसू शकतात. पण आत्याला रिकामं बसता येत नाही. ती उभ्या आयुष्यात कधी रिकामी बसलेली नाही. थोडा वेळ तिनं मांडी घातली, मग उकिडवी झाली, आणि बांधावरचं गवत वाढलंय हे तिच्या लक्षात आलं. तिनं डाव्या हातानं गवताची मूठ धरली आणि उजवा हात फिरवला.

उन्हात पातं चमकलं.

"हथियार! नीचे! नीचे रख!"

ओरडणारा जवान आमच्यापासून फार लांब नव्हता. त्याची बंदूक वर आली, त्याच्या शेजारच्याची आली, आणि मग रेघेवरून पुढे पुढे सगळ्यांच्याच. मी पहिल्यांदाच बंदुकीचं तोंड समोरून बघत होते. ते फार छोटं असतं. आत्यानं मान वर केली आणि आजूबाजूला पाहिलं.

"हत्यार?" ती मला म्हणाली. "कुनी आनलान?"

तिला खरंच कळलं नव्हतं. ती शोधत होती, कोण मूर्ख आहे ज्यानं गावकीचा शब्द मोडला. मी तिच्या हाताकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा तो विळा दिसला.

"आत्या, तुझ्या हातात."

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. तिला ते विनोदी वाटलं असावं, पण हसायची वेळ नाही हे तिच्याही लक्षात आलं. ती विळा खाली ठेवायला वाकली आणि तो पोरगा पुन्हा ओरडला, "हिलना मत!" ती अर्धवट वाकलेलीच थांबली. साहेब फोन तसाच हातात घेऊन आमच्याकडे यायला निघाला. आजूबाजूच्या बांधांवरची माणसं उठू की नको अशा बेतात होती. एकानं गुडघा टेकला. तो उठला असता तर बाकीचे उठले असते, आणि बाकीचे उठले असते तर काय झालं असतं हे रस्त्यावरच्या चिंचेखालच्या माणसाला ठाऊक होतं.

तो जवान दोन पावलं पुढे आला. बंदूक एका हातात, दुसरा हात लांब केलेला. "अम्मा, इधर दो. मेरे हाथ में दो."

आत्यानं मान हलवली. नाही.

"हाथ में दो!"

"हातान नाय देयाचा," आत्या म्हणाली.

मला तिचा संताप आला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली. बंदुका रोखलेल्या आहेत आणि हिला रीतभात सुचतेय. "आत्या, दे ना! दे त्याला!"

"नाय. खाली ठेवतंव, त्याना उचलूदे. हातान दिला का भांडान व्हतं." ती अजून तशीच वाकलेली होती. "एकदा दिला व्हता हातान. भाऊस गेला ना फौजेत."

जवानाला एवढंच दिसत होतं की म्हातारी हत्यार सोडत नाही आणि मोठ्यानं काहीतरी बोलतेय. त्याच्या बोटाकडे माझं लक्ष होतं. ते बोट अगदी कोवळं होतं, नखं कातरलेली. साहेब ओरडला, "क्या बोल रही है ये?"

उत्तर मी दिलं. माझं हिंदी कारखान्यातलं, मोडकंतोडकं. "साहब, वो मना नहीं कर रही. वो बोल रही है, धार की चीज़ हाथ में देने से झगड़ा होता है. नीचे रखेगी, आप उठा लो. उसको आपसे झगड़ा नहीं करना."

बोलून झाल्यावर मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं. सगळीकडून बंदुका रोखलेल्या, मध्ये एक म्हातारी वाकून उभी, आणि तिला काळजी ही की भांडण होऊ नये.

त्या पोरानं लांब केलेला हात मागे घेतला.

हे त्यानं विचार करून केलं नाही. हुकूम मिळाला म्हणूनही नाही, कारण साहेबाला अजून उलगडा होत होता. चुकून तव्याला हात लागावा तसा त्याचा हात झटकन मागे गेला. त्यालाही कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी स्वयंपाकघरात कुणीतरी हेच बजावलेलं असणार. साहेबानं हातानं खूण केली. आत्या हळूहळू वाकली आणि तिनं विळा बांधावर ठेवला, पातं स्वतःकडे, मूठ त्याच्याकडे. आणि सरळ होऊन दोन पावलं मागे सरकली.

आता तो उचलायला त्याला वाकावं लागणार होतं. बंदूक हातात धरून बांधावर वाकता येईना. त्यानं ती पाठीला अडकवली, वाकला आणि विळा उचलला. बाकीच्या बंदुका एकेक करून खाली आल्या.

तेवढ्यात मी बाबांना पाहिलं. ते चिंचेखालून निघाले होते, कधी ते मला माहीत नाही. रेघ ओलांडून, दुसऱ्यांच्या शेतांतून, ते येत होते. धावत नव्हते. दोन्ही हात अंगापासून लांब, तळहात पुढे, बोटं पसरलेली, आणि पावलं मोजून टाकावीत तशी सावकाश. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखणारा, त्या सगळ्या बंदुकांच्या मधून स्वतःच सांगितलेल्या नियमानं चालत आला. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. बांधापाशी पोचले. ते तिथंच, वालाच्या वाफ्यात, मटकन बसले.

साहेब जवळ आला. चालण्यावरून असेल, केसांवरून असेल, त्यानं ओळखलं. "आप फ़ौजी हैं?"

"जी साब." बाबा बसल्या जागी ताठ झाले.

"तो फिर?"

"बहन का खेत है, साब."

साहेबानं फोनकडे पाहिलं. रेंज नव्हती.

बाबा उठले नाहीत. गुडघे दुखत होते म्हणून बसले असतील, पण दम खाऊन झाल्यावरही ते तिथंच राहिले. मांडी घातली, तळहात गुडघ्यांवर उताणे ठेवले. आत्या त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही मला म्हणेल, त्याला सांग अमुक. पण तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"सरक," ती त्यांना म्हणाली. "वालावर बसलास."

बाबा सरकले.

मी तोंड फिरवलं आणि डोंगराकडे बघत बसले. रडू आलं तर हातांनी पुसायचं नव्हतं, तळहात उताणे ठेवायचे होते, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

त्या दिवशी आत्याच्या शेताच्या कडेचे खांब पुरले गेले नाहीत. साहेब गाडीत बसून कुठेतरी रेंज शोधायला गेला आणि परत आल्यावर मशीन गाडीवर चढवायला सांगितलं. गावानं फटाके आणायची भाषा केली, बाबांनी ती हाणून पाडली. आणि त्यांचं बरोबर होतं. थोड्या दिवसांनी दुसरी तुकडी आली, दुसरा साहेब, आणि कुंपण पुरं झालं. गाव पुन्हा बसलं, तसंच, रिकाम्या हातांनी, या वेळी विळेसुद्धा देवळात ठेवून. कुणाच्या अंगाला खरचटलं नाही. फरक एवढाच पडला की आत्याच्या शेताच्या तोंडाशी फाटक ठेवलं गेलं, आणि गावानं कोर्टात टाकलेल्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत दिवसाउजेडी कसायला आत जाऊ देतात. निकाल कधी लागेल, काय लागेल, देव जाणे.

"म्हणजे जिंकलं कोण?" मी बाबांना विचारलं. आमचं जुनं भांडण, मी सोडणार थोडीच.

"कुंपण त्यांचं. वाल तिचे."

"हे उत्तर नाही."

"त्या पोरानं हात मागे घेतला म्हणून आपण आज बोलतोय," बाबा म्हणाले. "डबी चमकली तेव्हा तिथं मी होतो. मी घेतला नव्हता."

त्यानंतर मी हा प्रश्न त्यांना पुन्हा विचारलेला नाही.

पण विळ्याचं सांगायचं राहिलं. तो जप्त झाला होता, ट्रकमधून गेला. आत्या दुसरा वापरत होती आणि रोज कुरकुरत होती की हातात बसत नाही. मग एक दिवस बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कुणाला न सांगता फौजेच्या छावणीच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. दुपारपर्यंत उभे होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा पेपरात गुंडाळलेला विळा हातात. रात्रभर तो आमच्या टीव्हीशेजारी होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो. आत्या शेतावर होती, वालाच्या शेंगा तोडत होती. बाबांनी पेपर सोडला, विळा बांधावर ठेवायला वाकू लागले, आणि गुडघ्यानं दगा दिला. अर्ध्यावर अडकले. मी पुढे झाले तर आत्यानं मला हातानं मागे सारलं.

"वाकू नको," ती त्यांना म्हणाली. "हातान दे."

"भांडण होईल," बाबा म्हणाले.

"व्हयाचं ता व्हऊन गेलं." तिनं हात पुढे केला.

बाबांनी विळा तिच्या हातात दिला. तिनं पात्यावरून अंगठा फिरवला, धार गेलीय म्हणाली, आणि शेंगांच्या टोपलीत टाकला.

आणि आमच्याकडे म्हणतात ते खोटं नाही. दुपारी आत्याच्या चुलीपाशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, सगळ्या आळीनं ऐकलं असं, एकमेकांच्या तोंडावर, मला मध्ये न घेता. बाबांनी बिरड्यात गूळ टाकला होता.